गोळीचा रंग बदलला म्हणून औषध सोडू नका

सरकारी रुग्णालयात औषधांचा पुरवठादार बदलला, की ती बातमी आम्हा डॉक्टरांना बऱ्याचदा रुग्णांकडूनच कळते. मध्यंतरी एक आजी ओपीडीत आल्या. डोकं दुखत होतं, चक्कर येत होती. रक्तदाब पाहिला तर १८०/१००. गेली चार वर्षं त्यांचा रक्तदाब एका गोळीवर व्यवस्थित आटोक्यात होता.

"आजी, गोळी चालू आहे ना?"

"नाही मॅडम. मागच्या खेपेला खिडकीवर पांढरीच्या जागी पिवळी दिली. म्हटलं, चुकून दुसऱ्या कुणाची तरी दिली. तशीच डब्यात ठेवलीय."

औषध तेच होतं, मात्राही तीच. कंपनी बदलली म्हणून रंग बदलला होता. मी आजींना पाकिटावरचं औषधाचं नाव दाखवलं. नातवाला दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून वाचायला लावलं. "रंगाकडे बघू नका, आत काय आहे ते विचारा," असं सांगून त्यांना परत गोळी सुरू केली. आजी गेल्या आणि माझं लक्ष टेबलावरच्या संगणकाकडे गेलं. त्याच सकाळी मी आमच्या डेटा एंट्री करणाऱ्या मुलाला म्हटलं होतं, "हे नवीन काय आलंय ते काढून टाक आणि जुनंच परत बसव. पुढे अपडेट येऊच नये असं काहीतरी कर."

झालं असं होतं, की आदल्या आठवड्यात ब्राउझरने नवं रूप घेतलं होतं. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेटवरची पानं उघडतो ते सॉफ्टवेअर. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही त्यांतली ओळखीची नावं. आमच्याकडे कोणता आहे ते इथे महत्त्वाचं नाही. बटणांच्या जागा हलल्या होत्या, रंग फिके झाले होते, वरच्या टॅब अरुंद झाल्या होत्या. पिवळी गोळी डब्यात ठेवून देणाऱ्या आजी आणि मी, दोघींनी एकच गोष्ट केली होती.

हाताची चूक

माझ्या रागाला कारण होतं. आमच्या ओपीडीत रुग्णांची नोंद संगणकावर होते. गर्दी असली की दोन-तीन रुग्णांची पानं एकाच वेळी वेगवेगळ्या टॅबमध्ये उघडी असतात. एकाचा लॅबचा रिपोर्ट यायचा असतो, दुसऱ्याचा ईसीजी चालू असतो. कितवी टॅब कुठे असते हे मला पाहावं लागत नव्हतं, हात आपोआप जायचा. टॅब अरुंद झाल्यावर जिथे दुसरी टॅब असायची तिथे तिसरी आली. हात जुन्याच जागी गेला. आडनाव एकच, वय जवळपास सारखं. मी एका गृहस्थांच्या नोंदीत दुसऱ्याची मधुमेहाची गोळी लिहिली आणि कागद छापून हातात दिला. सुदैवाने ते वाचणारे होते. दारातून परत आले आणि म्हणाले, "मॅडम, मला शुगर नाही ना?"

चूक माझीच होती. नाव वाचून खात्री करणं हे माझं काम आहे आणि ते मी केलं नाही. पण ती चूक नेमकी त्याच आठवड्यात का झाली, याचं उत्तर मेंदूत आहे.

आपली स्मरणशक्ती एकाच प्रकारची नसते. काल काय जेवलो, भारताची राजधानी कोणती, ही आठवण शब्दांत सांगता येते. सायकल चालवणं, दाराची कडी अंधारात काढणं, शर्टाची बटणं लावणं, ही आठवण शब्दांत नसते, ती कृतीत असते. हा फरक हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णामुळे स्पष्ट झाला. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात राहीनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे काम कुणालाही सुरुवातीला अवघड जातं. मोलेसन दिवसागणिक त्यात सफाईदार होत गेले, पण हे आपण आधी कधी केलंय याची त्यांना आठवणच नव्हती. म्हणजे हाताची शिकवणी मेंदूत दुसरीकडे कुठेतरी चालू होती. बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांचा त्यात मोठा वाटा असतो, हे आता आपल्याला माहीत आहे.

रोज वापरातल्या ब्राउझरची बटणं या हाताच्या स्मरणशक्तीत जाऊन बसतात. त्याचा फायदा असा, की विचार करणारा मेंदू मोकळा राहतो. मी रुग्णाशी बोलत असते आणि हात त्याचं काम करत असतो. मांडणी बदलली की हा फायदा एका रात्रीत जातो. तेवढ्यावर भागत नाही. जुनी सवय पुसली जात नाही, ती नव्या सवयीच्या आड येत राहते. नव्या घरात राहायला गेल्यावर दिव्याचं बटण महिनाभर आपण जुन्याच भिंतीवर चाचपतो ना, तसंच. म्हणून संगणकात मुरलेल्या माणसाला नवख्यापेक्षा अशा बदलाचा त्रास जास्त होतो. "वय झालं म्हणून जमत नाही," असं स्वतःला बोल लावण्याचं कारण नाही.

फायरफॉक्सची गोष्ट

हा अनुभव जगभरातल्या लाखो लोकांनी घेतला आहे. त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण फायरफॉक्सचं. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोररचं जवळजवळ एकहाती राज्य होतं. फायरफॉक्स मोझिला या ना-नफा संस्थेचा. त्याचं मोठं आकर्षण हे, की तो आपल्याला हवा तसा मांडून घेता यायचा. २००८ च्या सप्टेंबरमध्ये गुगलचा क्रोम आला. तो सुटसुटीत होता, वेगवान होता, आणि बघता बघता पुढे निघून गेला.

२०१४ च्या एप्रिलमध्ये फायरफॉक्सच्या २९ व्या आवृत्तीने नवं रूप घेतलं. त्याला 'ऑस्ट्रेलिस' असं नाव होतं. टॅबच्या कडा वळणदार झाल्या, उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघांचा मेनू आला, खालची अ‍ॅड-ऑनची पट्टी गेली. जुन्या वापरकर्त्यांचा मुख्य आक्षेप असा होता, की हे क्रोमसारखं दिसतंय. क्रोमसारखंच हवं असतं तर आम्ही क्रोमच घेतला नसता का? जुनं रूप परत आणणारं एक अ‍ॅड-ऑन लगेच लोकप्रिय झालं. काहींनी 'पेल मून' या जुन्या मांडणीच्या ब्राउझरची वाट धरली.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ५७ वी आवृत्ती 'क्वांटम' या नावाने आली. वळणदार टॅब गेल्या, चौकोनी आल्या. आतलं यंत्र मोठ्या प्रमाणात नवं झालं, वेग वाढला. पण जुन्या पद्धतीची सगळी अ‍ॅड-ऑन एका फटक्यात बंद पडली. जुनं रूप परत आणणारंही त्यातच गेलं. २०२१ च्या जूनमध्ये ८९ व्या आवृत्तीबरोबर 'प्रोटॉन' रूप आलं. टॅब बटणांसारख्या दिसू लागल्या, वरची पट्टी जाड झाली, मेनूतली छोटी चिन्हं गेली. पुन्हा तीच चर्चा सुरू झाली: थांबायचं, की क्रोम, एज, व्हिवाल्डी, ब्रेव्ह यांपैकी एखाद्याकडे जायचं?

यातली गंमत पाहा. ज्याच्यासारखं दिसतं म्हणून फायरफॉक्सवर टीका झाली, त्या क्रोमनेही २०१८ मध्ये दहाव्या वाढदिवशी आपल्या तिरप्या कडांच्या टॅब बदलून गोलाकार केल्या. एजने २०२० मध्ये आतलं यंत्रच बदलून क्रोमियमचं, म्हणजे क्रोमच्याच पायावरचं घेतलं. ऑपेराने तेच २०१३ मध्ये केलं होतं, आणि त्या बदलात आपला मेल वाचण्याचा भाग आणि इतर बऱ्याच सोयी वगळल्या होत्या. नाराज होऊन जिथे जावं, तिथेही उद्या रूप बदलणारच आहे. बदल नको म्हणून ब्राउझर बदलणाऱ्याने हे आधीच धरून चालावं.

आणखी एक हिशोब सहसा कुणी करत नाही. घरातलं कपाट हलवलं म्हणून चिडून आपण घरच बदललं, तर नव्या घरात एकही वस्तू ओळखीच्या जागी नसते. रूप बदललेल्या ब्राउझरमध्ये हाताला दहा गोष्टी नव्याने शिकाव्या लागत असतील, तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये पन्नास. तरीही नव्या ब्राउझरवर आपण तेवढे चिडत नाही, कारण तो बदल आपण स्वतः निवडलेला असतो.

राग कशाचा येतो?

मानसशास्त्रात याची उत्तरं आहेत. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, की तेवढ्याच मोलाची गोष्ट मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख माणसाला जास्त बोचतं. ब्राउझरचा वाढलेला वेग आपण दोन दिवसांत गृहीत धरतो, पण गेलेलं एक बटण महिनाभर आठवत राहतं. रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार डोळ्यांसमोर आली तरी ती आवडू लागते. म्हणजे "जुनं छान होतं" या मतातला काही भाग छानपणाचा असतो आणि काही भाग नुसत्या परिचयाचा.

पण सगळी तक्रार मनाचे खेळ म्हणून उडवून लावणं हाही अन्याय आहे. १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी एक नियम मांडला, तो आजही पडद्यांची रचना करताना वापरतात. एखाद्या जागेवर नेमका हात नेऊन ठेवायला लागणारा वेळ ती जागा किती लांब आणि किती लहान आहे, यावर अवलंबून असतो. बटण लहान केलं, लांब नेलं, किंवा मेनूच्या आत दडवलं, तर कितीही सवय झाली तरी ते थोडं महागच पडणार. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, वय वाढेल तशी फिक्यावर फिकं ओळखण्याची डोळ्याची क्षमता कमी होते. पांढऱ्यावर करडी अक्षरं पंचविशीतल्या माणसाला नाजूक आणि सुंदर वाटतात, साठीतल्या माणसाला ती दिसतच नाहीत. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५ ला १ असावा असं म्हटलं आहे, ते याचसाठी.

औषध बदलल्यावर आम्ही रुग्णाला जे सांगतो, तेच इथेही लागू पडतं. काही त्रास पहिल्या दिवसांचे असतात, ते जातात. काही औषधाचेच दुष्परिणाम असतात, ते थांबून जात नाहीत. दोन्हींत फरक कळायला वेळ द्यावा लागतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एखादी नवी साधी सवय लावून घ्यायला सांगितली. ती अंगवळणी पडायला लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. माणसामाणसांत एवढा फरक असतो. त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या इंटर्नला दोन दिवसांत जमलं म्हणून आपल्यालाही जमायलाच हवं असं नाही, आणि पहिल्या दिवशीच्या मतावरून निकाल देणंही बरोबर नाही.

अपडेट बंद करणं: सर्वांत वाईट उपाय

आता मी त्या मुलाला सांगितलेल्या गोष्टीकडे येते. नवं रूप आवडलं नाही म्हणून जुनी आवृत्ती बसवायची आणि अपडेट बंद करायचे, हे पुष्कळ जण करतात. अपडेटमध्ये नव्या रूपाबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही असतात. ब्राउझर ही बाहेरच्या जगाला सतत उघडी असलेली खिडकी आहे, तिच्यातून बँकेचा पासवर्डही जातो आणि रुग्णाचा रिपोर्टही.

दुरुस्ती न घेतल्याची किंमत आमच्या क्षेत्राने मोजली आहे. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतली अनेक रुग्णालयं ठप्प झाली, सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज नंतर पुढे आला. ती फट ब्राउझरमधली नव्हती, विंडोजमधली होती. पण तिची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती, आणि अनेक संगणकांवर ती बसवलेली नव्हती. ज्यांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, त्या रुग्णांचा त्यात काही दोष नव्हता.

गोळीच्या बाबतीतही असंच घडतं. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. औषध तेच, पण गोळीचा रंग बदलला, तर रुग्णाने ते थांबवण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आकार बदलला, तर ६६ टक्क्यांनी. आमच्या आजी एकट्या नाहीत.

मग करायचं काय?

मी स्वतः जे केलं ते सांगते. आधी एका कागदावर मला खटकणाऱ्या सात गोष्टी लिहिल्या, त्यावर तारीख घातली आणि तो कागद टेबलाच्या काचेखाली ठेवला. अपडेट चालू ठेवले. तीन आठवड्यांनी कागद काढला. सातपैकी पाच गोष्टी मला आठवतही नव्हत्या, हात शिकला होता. दोन उरल्या होत्या: टॅबवरचं नाव वाचता येत नाही, आणि छापण्याची आज्ञा दोन क्लिक आत गेली आहे. त्या उरल्या म्हणजे त्या सवयीच्या नव्हत्या, खऱ्या होत्या. पहिलीसाठी ठळक फरकाची थीम निवडली. दुसरीसाठी कंट्रोल आणि 'पी' ही कळ शिकले. ती पूर्वीपासूनच होती, मलाच माहीत नव्हती.

तुमच्या कागदावर तीन आठवड्यांनंतरही मोठी यादी उरली, तर आधी सेटिंग पाहा. अक्षरं मोठी करता येतात, थीम बदलता येते, बटणं हलवता येतात. टॅबवरची नावं वाचता येत नसतील, तर उभ्या यादीत टॅब लावण्याची सोय एजमध्ये २०२१ पासून आणि फायरफॉक्समध्ये २०२५ पासून आहे. कार्यालयांसाठी फायरफॉक्सची एक दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती असते. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात आणि रूप मात्र साधारण वर्षभर तेच राहतं. जिथे पन्नास जण एकाच वेळी गोंधळू शकतात, अशा ठिकाणी तिचा विचार जरूर व्हावा.

एवढं करूनही जमत नसेल, तर खुशाल दुसरा ब्राउझर घ्या. मात्र तुलना न्याय्य करा. दोन औषधं एकाच रुग्णावर आळीपाळीने तपासायची असतील, तर पहिल्याचा अंमल उतरेपर्यंत आम्ही दुसऱ्याचं मोजमाप धरत नाही. तसंच इथेही करा. दुसऱ्या ब्राउझरलाही तीन आठवडे द्या आणि पहिला आठवडा हिशोबात धरू नका. तुमची रोजची तीच दहा कामं दोन्हींवर करा. किती चुका होतात, डोळे किती शिणतात, हवी ती सोय आहे की नाही, एवढंच पाहा. ज्यावर चुका कमी होतात तो तुमचा ब्राउझर, मग तो कितीही जुनाट दिसो.

आणि ज्यांच्या हातात असे बदल लादण्याचा अधिकार आहे, त्या कार्यालयांना आणि रुग्णालयांना एक विनंती. पडद्यावर मोठा बदल होणार असेल, तर दोन दिवस आधी सांगा आणि तो सोमवारच्या गर्दीत करू नका. आमच्या विभागात आता नियम आहे: एका वेळी एकाच रुग्णाचं पान उघडायचं, आणि कागद छापण्याआधी रुग्णालाच त्याचं पूर्ण नाव विचारायचं. हात जुन्या जागी गेला, तरी तोंडाने विचारलेला प्रश्न चूक पकडतो.

त्या आजी महिन्याने आल्या. रक्तदाब १३६/८४. पिशवीतून पाकीट काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. या वेळी गोळी गुलाबी होती. "खिडकीवरच्या पोराला नाव वाचायला लावलं मॅडम," त्या म्हणाल्या, "मगच घेतली."